चौदा पाहुणे, एक बाथरूम

साताऱ्यात शनिवार पेठेतल्या घरी बसून मी वेबसाइटवर खोटी माणसं सोडतो. पोटापाण्याचा उद्योग. आई शेजारच्या काकूंना सांगते, "तो कंप्युटरवर गर्दी करतो." याहून नेमकं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

गर्दी करायचीही रीत असते. वेबसाइटला किती गर्दी झेपते ते तपासायचा जेमीटर नावाचा प्रोग्रॅम असतो. त्यात दोन रकाने भरायचे: माणसं किती आणि ती किती सेकंदांत सोडायची. १०० माणसं, १०० सेकंद म्हटलं की दर सेकंदाला एक जण आत सरकतो. दुसरा आकडा शून्य ठेवला तर सगळे एकदम उंबऱ्यावर. सर्व्हर आडवा होतो, पण कितव्या माणसाला त्याला धाप लागली ते कळत नाही.

पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि आमच्या घराची धर्मशाळा झाली. यंदा सप्टेंबरात फुलं बघायला पुण्याहून १४ जण आले. पठार २५ किलोमीटरवर, बुकिंग सकाळचं, बाथरूम एक.

रात्री मी वेळापत्रक केलं. पहाटे चारपासून दर दहा मिनिटांनी एक जण, आंघोळ आठ मिनिटांत. आईनं चष्मा लावून वाचलं. "म्हणजे दोघं एकदम दारात येणारच नाहीत. मग गर्दी कुठं झाली?"

मी गप्प. ऑफिसातल्या पोरांना मी याच चुकीवरून झापतो. शेवटचा आत शिरेपर्यंत पहिले काम उरकून गेलेले असले, तर १०० जण एकदम कधी नसतातच. रिपोर्ट हिरवागार, आणि खऱ्या दिवशी बोंबाबोंब.

खरा दिवस उजाडला. पहिले तिघं वेळेत. चौथे नाना. माझ्या खोट्या माणसांनी मधेमधे थांबावं म्हणून मला टायमर लावावा लागतो. नानांना तो उपजत आहे. पंचवीस मिनिटं झाली. आतून स्तोत्र, बाहेर खांद्यावर टॉवेल टाकलेली रांग जिन्यापर्यंत. कुणी ना कुणी दर पंधरा सेकंदांनी कडी वाजवतंय. आमच्याकडे याला रिट्राय म्हणतात. त्यानं आतला माणूस लवकर बाहेर येत नाही, फक्त स्तोत्राचा आवाज चढतो.

आणि स्तोत्र मधेच थांबलं.

"पाणी गेलं रे!"

आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो होतो आणि घात केला गच्चीवरच्या टाकीनं. वेळापत्रकात ती नव्हतीच.

दहा जण बिनआंघोळीचे आणि एक जण साबणासकट कासला गेला. फोटोत काही कळत नाही.