पंखा तीनवर की चारवर?

"अगं, पंखा तीनवर आहे की चारवर?"

"चारवर," मी म्हणाले आणि पाच, सहा, सात करत पुढे निघाले. फेरी ३६ टाक्यांची होती आणि प्रश्न आला तेव्हा मी एकतिसाव्या टाक्यावर होते, हे लक्षात येईपर्यंत आणखी डझनभर टाके पडले होते. क्रोशाची बाहुली गोल गोल विणत जातात. फेरीला सांधा नसतो, त्यामुळे कुठून निघालो आणि कुठे पोचलो याचा पत्ता लागत नाही. म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा आणि दर फेरीला तो वर सरकवायचा. मी अडकवते. सरकवायचं राहतं. मग उसवा. अख्खी संध्याकाळ जे विणलं ते दोन मिनिटांत सर्रकन सुटतं, आणि तो आवाज ऐकून घरातले म्हणतात, "वा, आज हात चांगला चाललाय!"

हे सगळं प्रदर्शनापायी चाललं होतं. हस्तकलेच्या प्रदर्शनात अर्धं टेबल मिळालं होतं आणि मी ४० नग करायचे ठरवले होते.

या बाहुल्यांना अमिगुरुमी म्हणतात. जपानीत 'आमी' म्हणजे विणणं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घातलेलं खेळणं. नाव गोंडस आहे, आत मात्र निव्वळ पाढा आहे. सुरुवातीच्या कड्यात ६ टाके, मग १२, १८, २४, ३०, ३६. दर फेरीला सहा वाढवले की चकती सपाट राहते. वाढवायचे विसरलात तर वाटी होते, जास्त वाढवलेत तर झालर. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये असेच टाके मुद्दाम वाढवत नेऊन भूमितीतलं हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे झालरीसारखं लाटा घेत जाणारं पृष्ठ, विणून दाखवलं. त्याआधी विद्यार्थ्यांना ते कागदाचे तुकडे चिकटवून समजून घ्यावं लागायचं. माझ्याही पहिल्या कपाखालच्या चकतीचं हुबेहूब तेच झालं होतं. फरक एवढाच की त्यांना आपण काय करतोय हे माहीत होतं. माझ्या चकतीवर कप ठेवला की आडवा होतो.

त्यानंतर ससा. नमुना ब्रिटिश होता आणि मी शिकलेली अमेरिकन पद्धतीवर. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याच टाक्याला ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकनांचा डबल हा वेगळाच, चांगला उंच टाका असतो. सशाचं जिराफाकडे झुकलेलं काहीतरी झालं आणि टाक्यांच्या फटींतून आतलं भरण डोकावू लागलं. सासूबाईंनी चष्मा लावून तो उलटापालटा केला. म्हणाल्या, "अगं, खांब कशाला घातलेस? मुके खांब घालायचे ना!" मुका खांब म्हणजे तो बुटका टाका, खांब म्हणजे उंच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. त्यांच्या वहीत एवढ्या चार शब्दांत सगळा कारभार चालायचा. दोन महासत्तांच्या भांडणात माझा ससा मेला.

पण खरा छळ ऑक्टोपसने केला. डोकं मजेत होतं, पहिला पाय कौतुकात होतो, दुसऱ्याला आपण सराईत झाल्यासारखे वाटतो. तिसऱ्यापासून मात्र वैताग सुरू. ज्याला आठ पाय हवेत त्याच्यासाठी मला देवाने हात दोनच दिलेत. शिवाय सगळे पाय सारखे यायला हवेत, आणि माझ्या हाताचा ताण माझ्या मनाच्या ताणावर चालतो. शांत दुपारी विणलेला पाय लुसलुशीत, आणि नणंदेचा फोन येऊन गेल्यावर विणलेला असा घट्ट की टेबलावर ठोकला तर आवाज यावा.

डोळ्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. प्लॅस्टिकचे डोळे बाहेरून खोचायचे आणि आतून चकती दाबायची. एकदा 'टक्' झालं की ते निघत नाहीत. लहान मुलांच्या हाती जाणारी वस्तू, त्यामुळे निघू नयेत हेच बरोबर, आणि अगदी तान्ह्यांसाठी तर डोळे दोऱ्यानेच भरतात. पण तो 'टक्' होण्याआधी मी अर्धा तास टाचण्या लावून बघत बसते. डोळा एक टाका वर सरकला की ऑक्टोपस संशयी दिसतो, एक टाका बाहेर गेला की खुळा. एकाचे डोळे जरा जवळ आले आणि तो थेट हिशेबतपासनीस झाला. टेबलावरून माझ्याकडे असा बघायचा की मी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

"यातून सुटतं किती?" नवऱ्याने एकदा विचारलं. मी त्याला ऐकवलं, की १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून संसार तगवले. तो कपाटाकडे बघत म्हणाला, "तिथे दुष्काळ होता. आपल्याकडे लोकरीचा महापूर आहे." मग त्याने लोकर, भरण, डोळे, टेबलाचं भाडं आणि माझे तास असं सगळं मांडून तासाची मजुरी काढली. आकडा मला दाखवला नाही. नुसता माझ्याकडे बघून हसला आणि पंखा पाचवर केला.

प्रदर्शनात लोक येतात ते आधी दाबून बघतात. ससा दाबतात, ऑक्टोपस दाबतात, मग मैत्रिणीला म्हणतात, "सोपं असतं गं हे, आपण घरी करू." मैत्रीण फोटो काढते. एका काकूंनी माझ्याच सुईने, माझ्याच लोकरीवर, माझ्याच टेबलाशी उभ्या राहून मला मुका खांब शिकवला. त्यांचा टाका माझ्यापेक्षा सुबक होता हे जास्त लागलं.

"मशीनवर करता का?" हा प्रश्न सात जणांनी विचारला. दोन सुयांवरच्या विणकामाचं यंत्र विल्यम ली यांनी १५८९ मध्येच केलं, पण क्रोशाचा टाका हुबेहूब घालणारं यंत्र अजून बाजारात नाही, हे मी पहिल्या तिघांना रसभरीत सांगितलं. चौथ्याला "नाही" म्हणाले. सातव्याला "हो" म्हणून टाकलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

खपली ती फुलं. दहा मिनिटांत होणारी, किल्लीला अडकवायची, मी टेबल भरलेलं दिसावं म्हणून केलेली फुलं. नऊ गेली. चार रात्री जागून केलेल्या सशाला "काय गोड आहे!" एवढंच मिळालं. एका बाईंना तोच ससा हवा होता, फक्त निळा, थोडा मोठा आणि डायनासोर.

दुपारी एक मुलगा आला. ऑक्टोपस हातात घेऊन बराच वेळ काहीतरी पुटपुटला आणि मोठ्याने म्हणाला, "काकू, याला सातच पाय आहेत!"

मी मोजले. सात. पुन्हा मोजले, सातच. आजूबाजूची टेबलं गप्प झाली. तो हिशेबतपासनीसच निघाला, आणि शेवटी तपासणीत त्याचंच खातं अडकलं. मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "मग एक अष्टमांश कमी करा." घासाघीस करणाऱ्यांना मी दिवसभर दाद दिली नव्हती, पण या माणसाचं गणित चोख होतं. दिले कमी करून.

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं तसे आम्ही स्टॉलवाले एकमेकांकडे फिरू लागलो. शेजारणीने मातीचे दागिने मांडले होते, पलीकडे हाताने केलेले साबण. तिने माझ्याकडून किडा घेतला, पुस्तकात खूण म्हणून ठेवायचा, आणि मी तिच्याकडून दोन जोड कानातले. मग तिघींनी एकमेकींना सांगितलं, की धंदा बरा झाला.

रात्री घरी पिशवी पलंगावर रिकामी केली. ४० नेले, नऊ फुलं, एक किडा आणि सात पायांचा तो एक असे ११ गेले, म्हणजे २९ उरायला हवेत. मी मोजले तर ३० भरले. पुन्हा मोजले, तरी ३०. "सरक, तुला मोजता येत नाही," म्हणत नवरा स्वतः बसला. ससे एका बाजूला, फुलं एका बाजूला, एकेक उचलून नीट रचत, ओठ हलवत तो तेवीसवर आला, चोवीसवर आला.

"अरे," मी विचारलं, "पंखा तीनवर ठेवू की चारवर?"