पिवळी मारबत मागे फिरवली नव्हती : त्या जिफबद्दल खुलासा

तान्ह्या पोळ्याच्या दिवसापासून गटागटांत एक हलतं चित्र, म्हणजे जिफ, फिरतंय. पिवळी मारबत, म्हणजे नागपूरच्या मिरवणुकीतला कागदाचा मोठा पुतळा, चार पावलं पुढे येते आणि उलट्या पावलांनी मागे जाते. खाली मजकूर: 'इतवारीत मिरवणूक मागे फिरवली, अंगावर जळाल्याचे डागही दिसतात.' हे खरं नाही. ते चित्र मी केलंय.

तो व्हिडिओ नाही. गच्चीवरून काढलेले 9 फोटो आहेत. ते आधी सरळ लावले, मग मधले 7 उलट्या क्रमाने, म्हणजे फिरताना झटका बसत नाही. एकूण 16 चित्रं, प्रत्येक 0.2 सेकंद. सव्वातीन सेकंदही नाहीत. मागे जाणारी मारबत म्हणजे तेच फोटो उलटे! ढोलवाल्याचा उजवा हात बघा, टिपरू ढोलावरून आपोआप वर उचललं जातं.

आणि ते डाग? 1987 साली आलेल्या जिफच्या एका चित्रात जास्तीत जास्त 256 रंग बसतात. पिवळ्याच्या शेकडो छटा तेवढ्यात कोंबल्या की कागदावर असे तपकिरी चट्टे उमटतात. मूळ फोटोत ती स्वच्छ, हळदीसारखी पिवळी आहे.

'घेऊन जा गे मारबत' म्हणत पिढ्यान्‌पिढ्या निघणाऱ्या मिरवणुकीबद्दल असं काही पसरावं, याचं मला फार वाईट वाटलं. चित्र जरूर पाठवा, खालचा मजकूर मात्र काढून टाका. मूळ 9 फोटो मी आज त्याच गटांत टाकतोय.