‘पोट भरल्यावर सुचलेली नीती’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकट वापरल्या जाणाऱ्या, संगीत सॉफ्टवेअरवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे असे की, ही सॉफ्टवेअर डॉलरच्या भावाने विकली जातात, गावाकडच्या मुलाला ती परवडत नाहीत, त्याने क्रॅक वापरल्याने कंपनीचे काहीच जात नाही, आपल्या स्वतःच्या स्टुडिओतही तेच चालते, आणि अशा मुलांना चोर ठरवणे ही ‘पोट भरल्यावर सुचलेली नीती’ आहे. मतभेदाचे मला वाईट वाटत नाही, या शेवटच्या शब्दांचे मात्र वाटले. मूळ लेखात ‘चोर’ हा शब्द कुठेही नाही. तो आपण आणलात आणि माझ्या तोंडी घातलात.

किमतींबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे, हे मान्य करतो. मार्च 2023 मध्ये वेव्हज या ध्वनी-सॉफ्टवेअर कंपनीने आपले प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधने) कायमचे विकणे बंद करून ते केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरचे ध्वनितंत्रज्ञ संतापले आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. तो संताप मलाही रास्तच वाटला होता.

आता माझ्या पोटाविषयी. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते, आणि मी जत्रांमधल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून, रात्रीच्या एसटीने परत येऊन, सकाळी कॉलेजला जात असे. तरुणपणी भक्तिगीतांच्या एका कॅसेटसाठी मी सगळा वाद्यमेळ रचला. ती कॅसेट दुकानादुकानांत विकली जाताना मी पाहिली, पण ठरलेल्या मानधनातला मोठा हिस्सा मला आजतागायत मिळालेला नाही. पैसे मागायला गेलो तेव्हा मालकाने विचारले, ‘तुझं गेलं काय? चाली तर तुझ्याकडंच आहेत.’ आपण ‘कंपनीचे काहीच जात नाही’ असे लिहिता, तेव्हा मला तो माणूस आठवतो. ज्याचे पोट तेव्हा भरलेले नव्हते त्याला आपण नीतीचा उगम शिकवता आहात, हे लिहिण्यापूर्वी निदान विचारून तरी घ्यायला हवे होते.

गाणे हातात धरता येत नाही, तरीही त्याच्या प्रत्येक वापरावर निर्मात्याचा हक्क असतो, हे मान्य करून घेण्यासाठी या देशातल्या गीतकार-संगीतकारांना किती झगडावे लागले! जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी तो प्रश्न राज्यसभेत मांडला, तेव्हा कुठे प्रताधिकार कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला त्यांचा वाटा कायद्याने सुरक्षित झाला. तो वाटा आपल्याला हवा असेल, तर कॉम्प्रेसर किंवा रिव्हर्ब यांसारखी आवाजावर संस्कार करणारी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या श्रमाला वेगळा नियम कसा लावणार? आणि हे श्रम करणारी नेहमीच बलाढ्य कंपनी असते असेही नाही. व्हायटल हा सिंथेसायझर, म्हणजे संगणकावर वाजणारे सॉफ्टवेअर-वाद्य, मॅट टायटेल नावाच्या एकट्या माणसाने उभा केला आणि 2020 मध्ये त्याची प्राथमिक आवृत्ती मोफत दिली. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर 60 दिवस, कोणतीही सोय न कापता, फुकट वापरून पाहता येते, आणि व्यक्तिगत वापरासाठी त्याचा परवाना 60 डॉलरला मिळतो. ही रक्कम गावाकडच्या मुलाला लहान नाही, हे मी जाणतो. पण ती साठवता येते, आणि तोवर ज्या मोफत साधनांवर उत्तम काम होते त्यांची नावे आपल्या प्रतिक्रियेत एकदाही येत नाहीत.

‘मुले क्रॅकवर आधी शिकतात, मग विकत घेतात’ हा आपला मुद्दा मी फार ऐकला आहे. त्यावर वेगळे उत्तर द्यावे असे मला वाटत नाही. परदेशी कंपन्यांच्या लुटीबद्दलचा आपल्या प्रतिक्रियेतला परिच्छेद केवळ आवेशाचा आहे.

राहता राहिला आपला स्टुडिओ. आपण तासावर पैसे घेता, असे आपणच लिहिले आहे. प्रताधिकार कायद्याच्या कलम 63बी मध्ये सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान 7 दिवसांचा कारावास सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळून केवळ दंड करू शकते. म्हणजे ज्या मुलाचे नाव आपण पुढे केले त्याच्यासाठी कायद्याने सवलतीची जागा ठेवली आहे. आपल्यासाठी ती नाही.