भित्रे कुत्रे मिरवणुकीत उभे करून धीट होत नाही

गणेशोत्सव महिन्याभरावर आला की कोल्हापुरात कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या परिचितांकडून आला. त्याचा आशय असा आहे: घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नये, कारण लाडाने भीती वाढते, ज्याची भीती वाटते त्याच्या अगदी समोर त्याला नेऊन उभे करावे, म्हणजे दोन-चार तासांत भीती मोडते, ते गुरगुरले तर तिथेच दटावावे, कारण घरात म्होरक्या कोण हे त्याला कळले पाहिजे, आणि एवढे करूनही फरक पडला नाही, तर ते रक्तातच भित्रे आहे असे समजून नाद सोडावा. शेवटी पुरावा म्हणून तालमीचा दाखला दिलेला आहे, की नवख्या पोराला आखाड्यात ढकलल्याशिवाय तो पैलवान होत नाही.

कोल्हापुरात हा दाखला कोणालाही चटकन पटेल, म्हणून आधी तोच तपासून पाहू. गंगावेशीची तालीम घ्या किंवा मोतीबाग घ्या, कोणताही वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी खासबाग मैदानात उतरवत नाही. तो आधी त्याच्याकडून माती उकरून घेतो, जोर-बैठका काढून घेतो, आणि मग त्याच्याच वजनाच्या पोराशी त्याची जोड लावतो. शिवाय ते पोर तालमीत स्वतःच्या पायांनी आलेले असते आणि नको वाटले तर घरी जाऊ शकते. पट्ट्याला धरून मिरवणुकीत उभ्या केलेल्या कुत्र्याला यांपैकी एकही गोष्ट मिळत नाही. तेव्हा हा दाखला संदेशाच्या बाजूने नसून त्याच्या विरुद्ध जातो.

गर्दीत बराच वेळ धरून ठेवलेले कुत्रे काही वेळाने शांत होते, हे मात्र खरे आहे आणि संदेशाचा सगळा भर त्यावरच आहे. पण ती शांतता कसली, हे पाहिले पाहिजे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके देण्यात आले होते. पुढे त्याच कुत्र्यांना बुटका अडसर ओलांडून सुटण्याची सोय करून दिली, तरी त्यांतली बरीचशी जागेवरच पडून झटके सोसत राहिली. आज असे प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु काही केले तरी सुटका नाही हे एकदा मनात बसले की प्राणी धडपड सोडतो, एवढे त्यांतून कळले. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, झोप आलेली नसताना जांभया, सारखे ओठ चाटणे, डोळ्यांच्या कडेला दिसणारा पांढरा भाग: अशा अवस्थेत उभ्या असलेल्या कुत्र्याला ‘सवय झाली’ असे म्हणणे हे आपले समाधान आहे, त्याचे नव्हे.

हे मी परक्याच्या चुका मोजत सांगत नाही. आमची तांबी गल्लीतलीच. आली तेव्हा अंदाजे आठ महिन्यांची होती, आणि हलगी वाजली की तिचे पाय लटपटायचे. पहिल्या वर्षी मिरवणुकीच्या वेळी मी तिला महाद्वार रोडच्या तोंडाशी पाऊण तास धरून उभा राहिलो. त्यानंतर दोन महिने मी खुंटीवरचा पट्टा काढला की ती मोरीत जाऊन बसायची.

जे उपयोगी पडते ते यापेक्षा संथ आहे आणि नवेही नाही. १९२४ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालवली, ती अशी: मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा आणि मुलाला झेपेल तेवढाच हळूहळू जवळ आणायचा. कुत्र्याच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. मी मोबाइलवर हलगीचे रेकॉर्डिंग लावायचो, तेही इतक्या बारीक आवाजात की शेजारच्या खोलीत ते ऐकू जाऊ नये. तांबीचा कान वळला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचो. आवाज आधी आणि खाणे नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट केले तर चिकन दिसताच ‘आता काहीतरी होणार’ असा संशय येऊ लागतो. एके दिवशी मी घाईने आवाज दोन टप्प्यांनी वाढवला. तिने तुकडा तोंडात घेतला, जिभेवर फिरवला आणि फरशीवर ठेवून दिला. भुकेले कुत्रे चिकन खाली ठेवते, तेव्हा मर्यादा ओलांडली गेली आहे हे ओळखून मागे यावे. मी आवाज पुन्हा कमी केला, आणि त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवला.

लाडाने भीती वाढते, हा मुद्दा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. हात मिळवण्याच्या बदल्यात बिस्किट दिले तर कुत्रे पुन्हा हात पुढे करते, कारण ती त्याने केलेली कृती आहे. भीती ही केलेली कृती नसून झालेली अवस्था आहे, आणि शेजारी बसून पाठीवर हात ठेवल्याने कोणी जास्त घाबरायचे ठरवत नाही. फक्त ते आपणहून जवळ आले तरच हात ठेवावा. कॉटखाली गेले असेल तर ओढून काढून मिठी मारू नये.

म्होरक्याची कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यात ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून ती मांडली, डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती सर्वदूर नेली, आणि त्याच मीच यांनी रानातील लांडगे पाहिल्यावर १९९९ मध्ये तिची दुरुस्ती केली: रानातला कळप बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. संदेश लिहिणारे अजून १९७० मध्येच आहेत. त्यातही गुरगुरणे दाबण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली की भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रे न सांगता चावू शकते. ज्या घरात लहान मुले आहेत त्यांनी तरी हा सल्ला ऐकू नये.

‘रक्तातच भित्रे’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. स्वभावाचा काही भाग आनुवंशिक असतो, आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने माणसे, वाहने, आवाज पाहिले नाहीत तर पुढे अवघड जाते. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. आपल्याकडे मुधोळ कुत्री पाळणारे पुष्कळ आहेत, त्यांना ठाऊक असेल की परक्याने अंगाला हात लावलेला मुधोळला आवडत नाही. त्याला भित्रेपणा म्हणता येत नाही. उलट, कालपर्यंत धीट असलेले वयस्क कुत्रे अचानक आवाजाला दचकू लागले, तर कान, दात, सांधे यांत दुखणे आहे का हे पशुवैद्यांकडून आधी तपासून घ्यावे.

औषधाबद्दल संदेशात काही नाही, पण ग्रुपवर त्याच्याखाली गुंगीच्या गोळीचे नाव कोणीतरी सुचवतेच. एसेप्रोमाझिनसारख्या औषधाने शरीर ढिले पडते, भीती मात्र आत तशीच राहू शकते. भीती कमी करणारी औषधे वेगळी आहेत. ती डॉक्टरांनीच द्यावीत, आणि विसर्जनाच्या आधी एखाद्या साध्या दिवशी त्यांचा परिणाम पाहून घ्यावा.

तांबी आता रंकाळ्यावर हलगी वाजत असेल तर तीस-चाळीस पावलांवर उभी राहून माझ्या हातातला तुकडा खाते, मग स्वतःच पाठ फिरवून चालू लागते आणि मी तिच्या मागून जातो. विसर्जनाच्या दिवशी तिला दुपारीच फिरवून आणतो आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर नीट वाचता येतो ना ते पाहतो, कारण घाबरलेली कुत्री त्याच रात्री हरवतात. मग मागच्या खोलीची खिडकी लावून पंखा मोठा करतो. ती कॉटखाली असते, आणि मी तिला बाहेर बोलावत नाही.