भोसरीतली वर्कशॉपंही मोजा
पुण्यात हेल्थटेकमुळे (आरोग्यसेवेसाठीच्या तंत्रज्ञानामुळे) रोजगार वाढेल, हा लेखाचा मुद्दा पटला. पण सगळा भर ॲप आणि गुंतवणुकीवर आहे, ते खटकलं. आपल्या भागाचं खरं बळ वेगळं आहे. १९५२ पासूनची विषाणू संस्था (आताची एनआयव्ही), लस बनवणारी १९६६ ची सीरम, एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं, नव्या उद्योगांना हात देणारं व्हेंचर सेंटर. मार्च २०२० मध्ये मायलॅब कंपनीचं कोरोना चाचणी किट इतक्या झटपट तयार झालं ते याच शहरात. त्यामागे विषाणूशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले यांची टीम होती. अशी माणसं एका रात्रीत घडत नसतात!

आणि भोसरी-चाकणचे टूलरूमवाले, म्हणजे साचे-अवजारं घडवणारे? गाड्यांचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशोबात बनवणारे हात हाडांचे स्क्रू, इम्प्लांटही बनवू शकतात. अडतं ते आयएसओ १३४८५ चं (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं) प्रमाणपत्र, धूळ-जंतू रोखणारी स्वच्छ खोली, चाचण्यांचा खर्च इथे. दहा-पंधरा कामगारांच्या वर्कशॉपला हा भार एकट्याने पेलत नाही. एमआयडीसीने सामाईक चाचणी प्रयोगशाळा आणि निर्जंतुकीकरणाची सोय उभी करावी, असं मला मनापासून वाटतं.

आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थांना सोबत घेऊन डॉक्टर व इंजिनीअर एकत्र बसवले, त्यातून उपकरणं आली. पण गिऱ्हाईक कोण? जिल्हा रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या खरेदीत या उपकरणांना जागा मिळते का, यावर लेखकाने पुढचा लेख जरूर लिहावा.