दोष कॅमेऱ्याचा नाही, टीव्हीच्या सेटिंगचा
'घरी पाहिलेले नवे चित्रपट मालिकेसारखे स्वस्त दिसतात, कारण ते डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित होतात' हे एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. आमच्या नव्या टीव्हीवर फिल्मवर चित्रित झालेला एक जुना कृष्णधवल चित्रपटही तसाच गुळगुळीत, स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखा दिसत होता. तिथे डिजिटल कॅमेरा कुठून आला?

खरं कारण टीव्हीतच असतं. चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो, आणि मधल्या चौकटी टीव्ही स्वतःच अंदाजाने तयार करून घुसवतो. याला मोशन स्मूदिंग म्हणतात. कंपनीगणिक नाव वेगळं असतं आणि बहुतेक वेळा ते आधीपासूनच चालू असतं. क्रिकेटच्या सामन्याला ते शोभतंही, पण चित्रपटाचा पोतच त्याने जातो. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वेरी यांनी खास व्हिडिओ करून प्रेक्षकांना हे बंद करायची विनंती केली होती. २०१९ मध्ये टीव्हीसाठी 'फिल्ममेकर मोड' हा सेटिंगमधला पर्याय जाहीर झाला, तोही याचसाठी. तो निवडला की हे आपोआप बंद होतं. आमच्या घरी स्मूदिंग बंद केल्यावर तोच कृष्णधवल चित्रपट आईने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. छायाचित्रणाला नावं ठेवणाऱ्या लेखात निदान एवढी सूचना तरी हवीच होती. छायालेखकाची महिनोन्महिन्यांची मेहनत एका मेनूतल्या पर्यायामुळे झाकली जाते, आणि बोल मात्र त्याला लागतो.