रुसलेला मामा आणि प्रॉक्सी सर्व्हर

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या क्रेडिट सोसायटीत स्क्विड नावाचा प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे इंटरनेट ज्याच्या हातून जाते असा मध्यस्थ, आहे. डाउनलोड होणारी फाइल तो आधी आयकॅप या ठरलेल्या संवादपद्धतीने दुसऱ्या यंत्रावरील व्हायरस तपासणाऱ्या सेवेकडे पाठवतो. ही सेवाच गप्प झाली तर काय करायचे, हे मात्र स्वतः न ठरवता तो आपल्याकडून आकड्यांत लिहून घेतो. लग्नात मामा रुसून खोलीत बसला, तर मुहूर्त धरायचा की मामाला, असाच हा पेच आहे.

तपासणी टाळून पुढे जाण्याची मुभा, म्हणजे बायपास, मुळात बंद असतो; अशी सेवा अनिवार्य, आणि बायपास चालू असेल तर ऐच्छिक. म्हणजे मामा आल्याशिवाय अक्षता नाहीत, आणि पाहुण्यांच्या पडद्यावर एररचे पान. बायपास चालू केला, तर मामावाचून कार्य उरकते. पण अर्धी मंगलाष्टके झाल्यावर मामा उठून गेला, तर स्क्विडलाही ते सावरून घेता येत नाही. नवी जोडणी 10 वेळा फसली तरी तो निमूटपणे सोसतो, त्यापुढे मात्र सेवा बंद धरतो. ऑप्शन्सची, म्हणजे 'तुला काय काय जमते' ही सेवेकडची विचारपूसही फसली, तर पुन्हा विचारण्याआधी 180 सेकंद थांबतो. घायकुतीला येऊन तिथे 5 लिहिले तरी 30 च्या खाली तो उतरत नाही. एवढा मानी स्वभाव मी फक्त वरपक्षात पाहिला आहे.

खरी परीक्षा लाइट जाऊन आल्यावर असते. प्रॉक्सी लगेच उठतो, तपासणारी सेवा मात्र व्हायरसच्या खुणांची भलीमोठी यादी वाचत बसते, आणि तेवढ्यात काउंटरवर मराठी-कन्नड कुरकुर एका सुरात सुरू होते. "सर, नेट गेलंय की हो," असे कॅशियर मला सांगतात, जणू ते मीच खिशात घालून नेले आहे.

चेअरमनसाहेबांचा हुकूम असा, की एकही व्हायरस आत येता कामा नये आणि नेट क्षणभरही थांबता कामा नये. या दोन्हींसाठी एकच ओळ मला अजून सापडलेली नाही. राखीव सेवांचा संच करावा, तर त्यात अनिवार्य आणि ऐच्छिक सेवांची सरमिसळ केली की भलतेच परिणाम होऊ शकतात. म्हणून मी दोन वेगळ्या सेवा लिहिल्या: हिशेब विभागासाठी अनिवार्य, बाकीच्यांसाठी ऐच्छिक. सुरक्षेचा एवढा आग्रह पाहून चेअरमनसाहेबांचा संगणकही मी आदराने अनिवार्य यादीत घातला. हल्ली लाइट आली की पहिला फोन त्यांच्याच केबिनमधून येतो.